कच्च्या वहीची सोय

गणित शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला कच्च्या वहीचे महत्त्व ठाऊक असते. पक्क्या वहीत उत्तर उतरवण्यापूर्वी खाडाखोड करायला मुलांना जागा लागते. संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांना अशी जागा मिळायला मात्र बरीच वर्षे जावी लागली. त्याचीच ही हकीकत.

माणसाने लिहिलेली आज्ञावली यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणून तिचे सुटे भाग जोडावे लागतात. या कामाला ‘बिल्ड’, म्हणजे बांधणी, म्हणतात. एखादा भाग बदलला, पण त्याची बांधणी नव्याने करायची राहिली तर? अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत एका संशोधकाची अख्खी सकाळ अशीच वाया गेली. चूक केव्हाच दुरुस्त झाली होती. चालत होते ते जुनेच रूप! त्यांचे सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांनी मग १९७६ साली ‘मेक’ ही आज्ञावली लिहिली. काय बदलले आहे ते पाहून ती तेवढेच भाग पुन्हा बांधते.

एकट्याचा प्रश्न सुटला, समूहाचा उरला. अनेक जण एकाच सामाईक प्रतीत बदल करू लागले की एकाच्या चुकीने सर्वांचे काम अडते. १९९८ साली नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरचा मूळ मजकूर ‘मोझिला’ या नावाने सर्वांसाठी खुला केला. तेथे ‘टिंडरबॉक्स’ नावाची व्यवस्था सामाईक प्रत सतत बांधून पाहत असे. बांधणी जमली तर हिरवा रंग, मोडली तर लाल. सामाईक प्रतीला ही मंडळी ‘झाड’ म्हणत. बांधणी मोडली की झाड ‘पेटले’! पण आग लागल्यावर वाजणारी ही घंटा होती. आगीआधी कळण्याची सोय हवी होती.

तिचा एक धागा आधीच तयार होता. दोन प्रतींमधील फरकांची यादी घेऊन ते फरक जुन्या प्रतीवर चढवणारी ‘पॅच’ ही आज्ञावली लॅरी वॉल यांनी १९८५ सालीच लिहिली होती. ब्रायन वॉर्नर यांनी टिंडरबॉक्सपासून स्फूर्ती घेऊन २००३ साली ‘बिल्डबॉट’ तयार केला. पुढे त्यात ‘ट्राय’ ही आज्ञा आली. ‘ट्राय’ म्हणजे ‘करून पाहा’.

तिचे काम असे चालते. आपल्या संगणकावर आपण ‘बिल्डबॉट ट्राय’ अशी एक ओळ टंकित करतो. आपली प्रत सामाईक प्रतीच्या कोणत्या आवृत्तीवरून घेतली आणि तिच्यात काय बदलले, एवढेच सर्व्हरकडे जाते. तेथील यंत्रे ती आवृत्ती आणतात, तिच्यावर आपले फरक चढवतात, बांधणी करतात, चाचण्या घेतात आणि निकाल कळवतात. आपल्याजवळ एकाच प्रकारचा संगणक असला तरी विंडोज, मॅक, लिनक्स अशा निरनिराळ्या यंत्रांवर परीक्षा होऊ शकते. सामाईक प्रतीला धक्काही लागत नाही. मोझिलानेही पुढे अशी सोय केली. तिचे नावही ‘ट्राय’च.

एक मर्यादा लक्षात ठेवावी. आपली चाचणी चालू असताना दुसऱ्या कोणी सामाईक प्रत बदलली, तर आपला हिरवा निकाल तिला लागू पडेलच असे नाही. म्हणून अंतिम तपासणी सुटत नाही.

या हकीकतीत बांधणी तीच राहिली आणि चाचण्याही त्याच. त्यांची वेळ तेवढी अलीकडे आली. नवख्याला त्याचा आधार मोठा. आपल्या चुकीने सर्वांचे काम अडेल ही धास्ती असली की माणूस प्रयोग करणेच टाळतो. कच्ची वही काढून घेतलेले मूलही तसेच वागते.