भुताचे सत्तर व्होल्ट

स्वयंपाकघरातली एक जुनी वायर दोन्ही टोकांना सोडवलेली होती. सहज खात्री करावी म्हणून मल्टीमीटरचा एक प्रोब तिला आणि दुसरा न्यूट्रलला टेकवला, तर पडद्यावर सत्तर व्होल्ट! वायरमनकाकांनी पिशवीतून आपला टेस्ट लॅम्प काढला, म्हणजे होल्डरला दोन वायरी जोडलेला साधा बल्ब. तो त्याच जागी लावला. मिणमिणलासुद्धा नाही. "काही नाही हो त्यात," काका म्हणाले. मीटर बिघडलेला नव्हता आणि बल्बही चांगला होता. या कोड्याचं उत्तर मल्टीमीटरच्या कुळात सापडतं.

या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे होकायंत्राची सुई. १८२० साली डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांना दिसलं, की तारेतून वीज वाहू लागली की शेजारची सुई वळते. त्याच वर्षी जर्मनीत श्वायगर यांनी तारेचे अनेक वेढे घेऊन हा परिणाम वाढवला. १८८२ मध्ये फ्रान्समध्ये देप्रे आणि दार्सोन्व्हाल यांनी चुंबक स्थिर ठेवून वेटोळंच फिरतं केलं आणि त्याच दशकात अमेरिकेत एडवर्ड वेस्टन यांनी त्याचं हातात नेता येईल असं भरवशाचं यंत्र बनवलं. मात्र या सगळ्यांत एक अडचण उरलीच. काटा हलवायला वीज लागते आणि ती मोजायच्या सर्किटमधूनच घ्यावी लागते. मोजणारा स्वतःचा वाटा काढूनच आकडा सांगतो.

पुढचा पूर्वज ब्रिटिश पोस्ट खात्यातला. तिथले अभियंता डोनाल्ड मकॅडी टेलिफोनच्या लाइनी दुरुस्त करायला निघाले, की वेगवेगळी मीटरं वाहून नेण्याला कंटाळत. त्यांनी अँपिअर, व्होल्ट आणि ओहम ही तिन्ही मापं एकाच पेटीत बसवली. आद्याक्षरांवरून नाव पडलं 'ॲव्हो'. १९२३ मध्ये तो विक्रीला आला. १९५१ चं त्याचं 'मॉडेल ८' तर इतकं टिकाऊ ठरलं, की २००८ पर्यंत ते बनत राहिलं. डीसी मोजताना त्याचा रोध दर व्होल्टमागे २०,००० ओहम, म्हणजे १०० व्होल्टच्या रेंजवर वीस लाख ओहम. एसीवर तो बराच कमी. रोध जितका जास्त, तितका मीटर सर्किटमधून कमी घेतो.

आपल्याकडे हे कूळ रुजलं नाशिकला. मोटवाने कंपनीचे काट्याचे मल्टीमीटर तिथले, आणि १९८२ साली स्थापन झालेल्या ऋषभ इन्स्ट्रुमेंट्सचे डिजिटल मीटरही सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतले.

काट्याच्या जागी आकडे आणले कॅलिफोर्नियात अँड्र्यू के यांनी, १९५२ च्या सुमारास. ते यंत्र टेबलावर ठेवायचं होतं. ते हातात मावलं एका सुंदर युक्तीमुळे. अनोळखी नळाखाली ठरावीक वेळ घागर धरायची आणि मग ठरलेल्या मापाच्या पेल्याने ती उपसायची. किती पेले निघाले, त्यावरून नळाची धार कळते. इथे घागर म्हणजे कपॅसिटर, पेला म्हणजे माहीत असलेला व्होल्टेज आणि मोजणी घड्याळाच्या ठोक्यांची. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात हे सारं एका चिपमध्ये बसलं. फ्लूक कंपनीचा हातात धरायचा ८०२०ए आला १९७७ मध्ये. तो 'साडेतीन अंकी' होता. पहिल्या घरात फक्त शून्य किंवा एक, म्हणून तो अर्धा अंक, आणि मोजणी १९९९ पर्यंत.

आजचा मधल्या किमतीचा मीटर साधारण ६००० पर्यंत मोजतो, त्यामुळे घरातला पुरवठा तो २३० असा न दाखवता २३०.४ असा दाखवतो. वाढीव पैसे मात्र मुख्यतः दशांशासाठी मोजायचे नसतात. ते मोजायचे आत वाळू भरलेल्या दणकट फ्यूजसाठी आणि चुकून रेंज भलतीच राहिली तरी हात वाचवणाऱ्या बांधणीसाठी. मी माझा मीटर घेतला तो याच कारणाने आणि या खर्चाचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही.

आता ते सत्तर व्होल्ट. डिजिटल मीटरचा रोध साधारण एक कोटी ओहम. तो सर्किटमधून जवळजवळ काहीच घेत नाही. शंभर वर्षं ज्याचा ध्यास घेतला, तेच हे. पण म्हणूनच शेजारच्या चालू वायरीतून हवेतल्या कपॅसिटन्समधून पाझरणारी नाममात्र वीजही त्याला दिसते. काम मागितलं की ती वीज विरून जाते. बल्बने काम मागितलं होतं.

माझ्या मीटरवर 'लो-झेड' नावाचं एक घर आहे. चकती तिथे फिरवली, की मीटर मुद्दाम आपला रोध काही हजार ओहमवर आणतो आणि सर्किटकडे काम मागतो. मी ती फिरवली. सत्तरचा आकडा घसरत शून्याजवळ आला. मग शेजारच्या चालू सॉकेटवर तोच प्रोब लावून मीटर शुद्धीवर असल्याची खात्री केली. काकांनी मान डोलावली आणि बल्ब पिशवीत ठेवला. त्यांच्या पिशवीतला तो बल्ब माझ्या मीटरमध्ये घर करून बसला होता.