तबकडीच्या मागच्या बाजूचें गाणें

करमणुकीच्या क्षेत्रांत एक नियम सहसा मोडत नाहीं. जें गाणें एखाद्या टुमेच्या लाटेवर स्वार होऊन येतें, तें ती लाट ओसरली कीं तिच्याबरोबरच वाळूंत जिरतें. अमेरिकेंतील 'डिस्को' नामक नृत्यसंगीताची टूम जितक्या झपाट्यानें आली तितक्याच झपाट्यानें गेली. परंतु तिच्या पडत्या काळाच्या तोंडावर गाइलें गेलेलें ग्लोरिया गेनर हिचें 'आय विल सर्व्हाइव्ह', म्हणजे 'मी तरून जाईन', हें गाणें पंचेचाळिसांहून अधिक वर्षें लोटलीं तरी लोकांच्या ओठांवर आहे. असें कां व्हावें, ह्याचा विचार आम्हांस उद्बोधक वाटतो.

डिस्कोचा जन्म प्रतिष्ठित रंगमंदिरांत झाला नाहीं. १९७० नंतरच्या दोन-चार वर्षांत न्यूयॉर्क शहरांतील कांहीं नृत्यगृहांत वाद्यवृंदाऐवजीं ध्वनिमुद्रिका लावून रात्रभर नाचण्याचा प्रघात पडला. तेथें जमणारे लोक बहुतांशीं कृष्णवर्णीय, लॅटिन-अमेरिकन व समलिंगी असत. म्हणजे ज्यांस इतरत्र मोकळेपणानें वावरतां येत नसे असे. चार मात्रांपैकीं प्रत्येक मात्रेवर सारखाच ठोका देणारा ताल हें ह्या संगीताचें मुख्य लक्षण ठरलें. पुढें १९७७ च्या अखेरीस 'सॅटर्डे नाइट फीव्हर' हा चित्रपट निघाला आणि कोपऱ्यांतली ही करमणूक घराघरांत शिरली. गेनर ही ह्या संगीताच्या उदयकाळांतील गायिका. १९७५ च्या तिच्या संग्रहांत तबकडीच्या एका बाजूवरील तीन गाणीं, नाचणाऱ्यांचा पाय थांबूं नये म्हणून, मध्यें खंड न पडूं देतां जोडलेलीं होतीं.

परंतु १९७८ सालीं तिचे दिवस फिरले. रंगमंचावर कार्यक्रम करीत असतां ती पडली, पाठीच्या कण्यास इजा झाली व शस्त्रक्रिया करावी लागली. प्रस्तुत गाण्याचें मुद्रण झालें तेव्हां तिच्या पाठीस आधाराचा पट्टा बांधलेला होता. ज्यानें हें गीत लिहिलें त्या डिनो फेकारिसची स्थितीहि कांहीं वेगळी नव्हती. 'मोटाउन' ह्या विख्यात कंपनीनें कित्येक वर्षांच्या चाकरीनंतर त्याला निरोप दिला होता. त्या धक्क्यांतून सावरतांना मनांत रुजलेल्या भावनेचें गीत त्यानें सहकारी फ्रेडी पेरेन ह्याच्या साह्यानें रचलें. प्रियकरानें टाकलेल्या स्त्रीच्या तोंडचें म्हणून जें आपण ऐकतों, त्याच्या मुळाशीं अशी एका नोकरी गेलेल्या माणसाची जिद्द आहे.

तबकडीस दोन बाजू असतात. पुढच्या बाजूस कंपनीला खपवावयाचें गाणें आणि मागच्या बाजूस भरतीचें, अशी तेव्हांची रीत होती. पॉलिडोर कंपनीनें 'सब्स्टिट्यूट' हें गाणें पुढें ठेवलें व हें मागें ढकललें. 'स्टुडिओ ५४' ह्या नृत्यगृहांत तबकड्या लावण्याचें काम करणाऱ्या रिची कॅझर ह्यानें मात्र तबकडी उलटून लावली. नाचणाऱ्यांनीं गाणें उचलून धरलें, इतर ठिकाणींहि तेंच घडूं लागलें, आणि अखेर कंपनीलाच बाजू बदलाव्या लागल्या. मार्च १९७९ मध्यें तें अमेरिकेंत व ब्रिटनमध्यें खपाच्या यादींत पहिलें आलें. विक्रेत्यास जें दिसलें नाहीं तें श्रोत्यांस आधीं दिसलें, ही गोष्ट आम्ही महत्त्वाची मानतों.

त्यानंतर चारच महिन्यांनीं, १२ जुलै १९७९ रोजीं, शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्यंतरीं डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटकांनीं उडविण्यांत आला. एक तबकडी आणून देणारास अवघ्या ९८ सेंटांत प्रवेश होता. जमाव मैदानांत घुसला व दुसरा सामना होऊंच शकला नाहीं. ह्या प्रकारांत कृष्णवर्णीयांविषयींचा व समलिंगी लोकांविषयींचा तिटकारा होता असें अनेक अभ्यासकांचें मत आहे; संयोजकानें तें नाकारलेलें आहे. मतभेद कांहींहि असो, डिस्कोची सद्दी संपली. १९८० सालीं ग्रॅमी पारितोषिकांत डिस्कोसाठीं स्वतंत्र पारितोषिक ठेवण्यांत आलें, तें ह्या गाण्यास मिळालें, आणि पुन्हा तें कधींच दिलें गेलें नाहीं.

मग हेंच गाणें कसें वांचलें? स्वाभिमानाचा उपदेश हें त्याचें उत्तर बहुधा देण्यांत येतें. आम्हांस तें अपुरें वाटतें. उपदेश करणारीं गाणीं पुष्कळ होतात व तितक्याच लवकर विसरलीं जातात. ह्या गाण्याचा आरंभ धैर्यानें होत नाहीं, भीतीच्या कबुलीनें होतो. तालाचा ठोका अद्याप सुरू झालेला नसतो. पियानोची एक झुळूक येऊन जाते आणि एकटा आवाज बोलूं लागतो. ताल मागाहून येतो. साथीस दुसरा गळा अखेरपर्यंत नाहीं. आठ स्वरमेळांची एकच माळ कडव्यांत फिरते आणि तीच ध्रुपदांतहि फिरते. तिचा शेवटचा मणि पुन्हा पहिल्याकडे ओढून नेतो. त्यामुळें विजयाचा असा वेगळा सूर कोठेंच लागत नाहीं. ज्या सुरांवर भीति सांगितली त्याच सुरांवर निर्धार सांगितला जातो. दुःख निराळें व उभारी निराळी, असा भेद हें गाणें करीत नाहीं. त्यांत कोणाचें नांव नाहीं, गांव नाहीं. जो घायाळ असेल त्यानें त्या 'मी'च्या जागीं बसावें.

आणि तसे लोक बसले. १९८१ पासून एड्स रोगाच्या सांथीनें मित्रांमागून मित्र नेले, तेव्हां ह्या शीर्षकाचा अर्थ समलिंगी समाजास अक्षरशः घ्यावा लागला. १९९८ सालीं विश्वचषक जिंकणाऱ्या फ्रान्सच्या फुटबॉल संघानें एका डच वाद्यवृंदानें बसविलेली त्याची आवृत्ति आपलें विजयगीत केली. मृत्यूच्या छायेंत जें गाइलें गेलें तेंच मैदानावर उत्सवांत गाइलें गेलें, ह्यानें त्याचा अर्थ पातळ झाला असा आक्षेप कोणी घेईल. परंतु लोकांच्या मालकीचें जें होतें त्याला असा बहुविध उपयोग चुकत नाहीं. उत्सवांत गाणाऱ्या कोणावर पुढें संकट आलें, तर पाठ असलेले ते शब्द त्याला नव्यानें कळतात.

२०१६ सालीं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनें हें ध्वनिमुद्रण जतन करावयाच्या राष्ट्रीय नोंदींत घेतलें. २०२० सालीं गेनरला, पहिल्या पारितोषिकानंतर ४० वर्षांनीं, 'टेस्टिमनी' ह्या भक्तिगीतांच्या संग्रहासाठीं दुसरें ग्रॅमी मिळालें. शिकागोच्या मैदानावर ज्या संगीताचें दहन झालें त्यांतलेंच एक गाणें आज राष्ट्राच्या ठेव्यांत जमा आहे. समकालीनांचा निकाल हा इतिहासाचा निकाल नव्हे, हें आपण ग्रंथांच्या बाबतींत सहज मान्य करतों. नाचण्याच्या गाण्यांस मात्र हा न्याय लावण्यास आपण सुशिक्षित माणसें अजून कचरतों.