तैमूरलंग

तैमूरलंग : (१३३६–फेब्रुवारी १४०५). मध्य आशियातील तुर्की-मंगोल विजेता, तैमूरी घराण्याचा संस्थापक आणि जगाच्या इतिहासातील अत्यंत क्रूर मानल्या गेलेल्या राज्यकर्त्यांपैकी एक. समरकंदच्या दक्षिणेस केश (विद्यमान शहरीसब्झ, उझबेकिस्तान) या नगराजवळ बार्लास टोळीत त्याचा जन्म झाला. १३३६ हे त्याचे परंपरागत जन्मवर्ष होय. तथापि तो याच्या काही वर्षे आधी जन्मला असावा, असे अनेक संशोधक मानतात. तारुण्यातील जखमांमुळे त्याचा उजवा पाय व हात अधू झाला. त्यावरून त्यास फार्सीत ‘तैमूर-इ-लंग’ (लंगडा तैमूर) म्हणत. यूरोपीय भाषांतील ‘टॅमरलेन’ हे त्याचेच रूप आहे.

१३७० मध्ये तो मावराउन्नहरचा सत्ताधीश झाला. चंगीझखानाच्या वंशातील नसल्यामुळे त्याने ‘खान’ ही पदवी न घेता ‘अमीर’ हीच ठेवली आणि त्या वंशातील नामधारी खानांच्या नावे राज्य केले. पुढील पस्तीस वर्षांत त्याने इराण, इराक व कॉकेशस जिंकले, सुवर्ण टोळीच्या तोख्तमिशचा पराभव केला आणि १४०२ मध्ये अंकाराच्या लढाईत ऑटोमन सुलतान पहिला बायेझीद यास कैद केले. चीनच्या स्वारीवर जात असता ओत्रार येथे तो मरण पावला.

दहशत हे त्याच्या युद्धनीतीचे साधन होते. शरण येणाऱ्या नगरास खंडणी घेऊन अभय मिळे. प्रतिकार वा बंड करणाऱ्या नगरात कत्तल होई. इस्फाहानमध्ये १३८७ साली वसुली अधिकाऱ्यांची हत्या झाली, तेव्हा सु. ७०,००० लोकांची शिरे कापून त्यांचे मनोरे रचल्याचे बखरकार सांगतात. बगदादमध्ये १४०१ मध्ये असेच घडले. कारागिरांना मात्र बहुधा जीवदान देऊन समरकंदला नेण्यात येई. १३९८ च्या हिंदुस्थानावरील स्वारीत दिल्लीच्या लढाईपूर्वी त्याने सु. एक लाख कैद्यांना ठार करविले, असे तत्कालीन वृत्तांत नमूद करतात. नासिरुद्दीन महमूद तुघलकाचा पराभव झाल्यावर दिल्लीकरांना अभय देण्यात आले होते. परंतु वसुलीच्या वेळी चकमकी उद्‌भवून शहराची अनेक दिवस लूट व कत्तल झाली.

हे आकडे केवळ शत्रूंनी दिलेले नाहीत. निझामुद्दीन शामी याने तैमूरच्या आज्ञेवरून व शरफुद्दीन अली यझ्दी याने त्याच्या नातवाच्या आश्रयाने लिहिलेल्या *झफरनामा* या गौरवग्रंथांतही कत्तलींचे उल्लेख आहेत. भय पसरविणे हाच हेतू असल्याने आश्रित लेखकांना त्या लपविण्याचे कारण नव्हते. म्हणूनच आकडे फुगविले गेल्याची शक्यता असली, तरी कत्तली निराधार म्हणता येत नाहीत. याउलट, दमास्कसहून बालपणी समरकंदला नेण्यात आलेल्या इब्न अरबशाहने त्याचे अत्यंत कटू चरित्र लिहिले. १४०१ मध्ये दमास्कस येथे त्यास भेटलेल्या इब्न खल्दूनने त्याच्या बुद्धिमत्तेची व वादविवादाच्या आवडीची नोंद केली आहे.

उत्तरकाळात त्याची स्मृती प्रदेशपरत्वे भिन्न झाली. यूरोपला त्याच्यापासून प्रत्यक्ष उपद्रव फारसा झाला नाही. तेथे क्रिस्टोफर मार्लोच्या नाटकाने (१५८७) त्यास महत्त्वाकांक्षेचे प्रतीक बनविले. उत्तर हिंदुस्थानात त्याचे नाव कत्तलीशी निगडित राहिले. परंतु त्याच दिल्लीवर पुढे त्याच्या वंशजांनी, म्हणजे मोगलांनी, राज्य केले आणि शाहजहानने त्याच्या ‘साहिब-इ-किरान’ या बिरुदावरून स्वतःस ‘द्वितीय साहिब-इ-किरान’ म्हणविले.

सोव्हिएट इतिहासकारांनी त्यास प्रामुख्याने क्रूर आक्रमक ठरविले. जून १९४१ मध्ये मिखाईल गेरासिमोव्ह यांच्या सहभागाने समरकंदच्या गूर-इ-अमीर या कबरीचे उत्खनन झाले, तेव्हा सांगाड्यावरून त्याच्या अधूपणाची खात्री पटली. १९९१ मध्ये स्वतंत्र झालेल्या उझबेकिस्तानने त्यास राष्ट्रपुरुष मानले; ताश्कंदमधील ज्या चौकात पूर्वी कार्ल मार्क्सचे स्मारक होते, तेथे १९९३ मध्ये त्याचा अश्वारूढ पुतळा उभारण्यात आला.

समरकंदच्या भव्य वास्तू आणि उद्ध्वस्त नगरांच्या कथा ही एकाच कारकीर्दीची फळे होत. समरकंद सजविणारे अनेक हात त्या उद्ध्वस्त नगरांतूनच आणलेले होते. यामुळे त्यांपैकी एकाच बाजूवर उभारलेली स्मृती अपुरी ठरते.