जोन्स, विल्यम

(मृत्यू १९०४). नाशिकच्या शरणपुरात शिकलेला मुक्त आफ्रिकी गुलाम. पुढे पूर्व आफ्रिकेतील रबाई येथील धर्मोपदेशक आणि पळून आलेल्या गुलामांचा पाठीराखा. जन्माने याओ जमातीचा. लहानपणीच गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडला. ब्रिटिश नौदलाने सोडवलेल्या मुलांबरोबर तो मुंबईला आला आणि तिथून नाशिकला. ‘चर्च मिशनरी सोसायटी’चे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४मध्ये शरणपूरची वसाहत उभारली होती. तिथल्या आश्रमात अशा मुलांना अक्षरओळखीबरोबर सुतारकाम, लोहारकामही शिकवत. डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा मृतदेह इंग्लंडपर्यंत पोहोचवणारा जेकब वेनराइट इथलाच. 

शरणपूरचा साथी इश्माएल सेमलर आणि जोन्स १८६४च्या सुमारास मोंबासाजवळच्या रबाई येथे जर्मन मिशनरी रेबमान यांच्या मदतीला गेले. झांझिबारच्या सुलतानाने १८७३च्या तहाने समुद्रमार्गे होणारा गुलामांचा व्यापार बंद केला. या तहाच्या वाटाघाटी मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्याकडे होत्या. १८७५मध्ये मोंबासासमोर त्यांच्याच नावाने फ्रिअरटाउन वसले आणि नाशिकहून आलेल्यांना तिकडचे लोक ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणू लागले. मात्र बंदी आली ती व्यापारावर. किनाऱ्यावरच्या मळ्यांत राबणाऱ्यांची गुलामी कायद्याने चालूच राहिली. तिथे ती १९०७मध्ये संपली. त्यामुळे धन्याला चुकवून पळालेली माणसे रबाईच्या वाटेला लागत.

चरित्रग्रंथांत जोन्स बहुधा भेटतो तो बिशप हॅनिंग्टन यांचा सोबती म्हणून. १८८५मध्ये हॅनिंग्टननी त्याला डीकनपदाची दीक्षा दिली आणि त्याच वर्षी मसाई प्रदेशातून युगांडाच्या वाटेवर बरोबर नेले. वाटेत बहुतेक हमाल जोन्सच्या हाती सोपवून बिशप थोड्या माणसांनिशी पुढे गेले. ऑक्टोबरात बुसोगात ते मारले गेले. जोन्सने वाट पाहिली, खात्री झाल्यावर उरलेला तांडा सांभाळत १८८६च्या फेब्रुवारीत तो रबाईला परतला. तांड्यापुढच्या निळ्या निशाणावर पांढऱ्या अक्षरांत ‘ईखाबोद’, म्हणजे वैभव गेले, असे लिहिले होते.

त्याचे मोठे काम मात्र रबाईतलेच. पळालेल्यांना थारा देणे मिशनच्या धोरणात बसत नव्हते. जोन्सने त्यांना घरे बांधू दिली, शेते करू दिली आणि गावात सामावून घेतले. स्वतः गुलाम राहिलेल्या माणसाला दारात आलेल्याला परत धन्याकडे धाडणे जमले नसते, हे उघड आहे. १८८८मध्ये धनी खवळले. मिशनवर हल्ल्याची धमकी आली, तेव्हा ब्रिटिश पूर्व आफ्रिका कंपनीचे जॉर्ज मॅकेन्झी मध्ये पडले आणि धन्यांना मोबदला देऊन मिशनांतल्या सुमारे १४०० जणांची सुटका विकत घेतली. त्यांतले बरेचसे रबाईचे होते. १ जानेवारी १८८९ रोजी त्यांना मुक्ततेचे दाखले मिळाले. श्रेय बहुतांशी कंपनीच्या पदरात पडले. पण इतकी माणसे तोवर गावात टिकली, ती जोन्समुळे.

गोऱ्या मिशनऱ्यांशी पगार आणि मानपान यांवरून बॉम्बे आफ्रिकनांचे वारंवार खटके उडत. त्यांत जोन्सही मागे राहिला नाही. १८९५मध्ये तो पाद्री झाला.