शहरात तपकिरी नको : बूट, पँट आणि एक अलिखित नियम



आजचा विषय वाचून काही जणांना हसू आलं असेल. तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर आणि कोणत्या पँटवर कोणत्या रंगाचे बूट घालावेत यावर बोलणार! पण आपण हा विषय थोडा गंभीरपणे घेऊ या, कारण या बुटांपायी काही मुलांच्या हाती येऊ घातलेल्या नोकऱ्या निसटल्या आहेत.

सप्टेंबर २०१६ मध्ये ब्रिटनच्या सोशल मोबिलिटी कमिशनने एक अहवाल प्रसिद्ध केला. साध्या घरांतली हुशार मुलं गुंतवणूक बँकांच्या बड्या नोकऱ्यांपर्यंत का पोचत नाहीत, हा त्यातला एक मुख्य प्रश्न होता. उत्तरं बरीच होती, पण वर्तमानपत्रांनी उचलली ती एकच : सुटावर तपकिरी बूट घालून मुलाखतीला आलेला उमेदवार काही वरिष्ठांना खटकतो. इंग्रजांत यासाठी एक जुनं वचनच आहे, ‘नो ब्राउन इन टाउन’. शहरात तपकिरी नको. ज्याच्या घरात हे कुणी कधी बोललंच नाही, त्या मुलाने नेव्ही ब्लू सुटावर छान नवे तपकिरी बूट घेतले आणि तिथेच तो ओळखला गेला.

आज आपण दोन प्रश्न विचारणार आहोत. हा नियम आला कुठून? आणि त्यामागची कारणं संपल्यावरही तो टिकला कसा?

सुरुवात चामड्यापासून करू. झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं मुळात तपकिरीच असतं. आपली कोल्हापुरी चप्पल बघा. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडं मुरतं, आणि तो तांबूस रंग त्यातूनच येतो. काळा रंग मात्र मुद्दाम आणावा लागतो. सालीतल्या टॅनिनला लोखंडाचे क्षार मिळाले की काळं तयार होतं. जुन्या काळी शाईसुद्धा याच रीतीने करत. म्हणजे तपकिरी हा चामड्याचा स्वतःचा रंग आणि काळा हा त्यावर केलेल्या मेहनतीचा रंग. त्यात तो चकचकीत ठेवायचा तर रोज कुणाचा तरी हात झिजला पाहिजे. हा ‘कुणाचा तरी हात’ लक्षात ठेवा.

आता पँट. अठराव्या शतकातला युरोपातला सभ्य गृहस्थ आजच्यासारखी पँट घालत नव्हता. गुडघ्यापर्यंत चोळणा, खाली रेशमी पायमोजे आणि मग बकलचे बूट. बूट आणि चोळणा यांच्यामध्ये हातभर पायमोजा असे, त्यामुळे या दोघांचे रंग जुळतात का, हा प्रश्न फारसा पडतच नव्हता. बुटाच्या रंगाला अर्थ होता, पण तो उघड होता. रिगोने १७०१ मध्ये काढलेलं चौदाव्या लुईचं चित्र पाहा. राजाच्या बुटांच्या टाचा लाल आहेत. लाल टाच ही दरबारी खूण होती. ती कुणाला शोभते आणि कुणाला नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत लांब पँट रूढ झाली, आणि तेव्हा पँट आणि बूट यांची खऱ्या अर्थाने गाठ पडली. या बदलाशी एक नाव कायमचं जोडलेलं आहे, ते म्हणजे लंडनचा बो ब्रमेल. जन्म १७७८. घराणं सरदारांचं नव्हतं, पण पोशाखाच्या बाबतीत सरदार त्याच्याकडे बघून शिकत. जर नाही, कलाबूत नाही. दिवसा निळा कोट, फिकट रंगाची तंग पँट आणि आरशासारखे काळे बूट. संध्याकाळी पँटही काळी. बुटांच्या पॉलिशमध्ये तो शॅम्पेन मिसळायचा, अशी दंतकथा आहे. खरीखोटी सोडा, पण दंतकथा पॉलिशची झाली, हे महत्त्वाचं. १८१६ मध्ये कर्जापायी त्याला फ्रान्सला पळावं लागलं. तो गेला, पण गडद कोट, गडद पँट, काळे बूट हा साचा उरला आणि पुढे धुराने काळवंडलेल्या लंडनला तो सोयीचाही ठरला.

काळे बूट वाढले तसा पॉलिशचा धंदा वाढला. १८२४ मध्ये लंडनमधल्या अशाच एका पॉलिशच्या कारखान्यात बारा वर्षांचा एक मुलगा डब्यांवर लेबलं चिकटवत होता. वडील कर्जापायी तुरुंगात. मुलाचं नाव चार्ल्स डिकन्स. पुढे एवढा मोठा लेखक झाला, पण ही गोष्ट त्याने जगाला सांगितली नाही. ती लोकांना कळली त्याच्या मृत्यूनंतर, त्याच्या मित्राने लिहिलेल्या चरित्रातून. मघाशी आपण ‘कुणाचा तरी हात’ म्हणालो, त्यातला हा एक हात. ज्या चकाकीवरून माणसाची प्रतिष्ठा ठरत होती, तिच्या कारखान्यात आपण राबलो हे सांगायची त्याच माणसाला लाज वाटत होती.

मग तपकिरी गेला कुठे? तो गेला खेड्यात. इंग्रज जमीनदाराची दोन घरं असत. पार्लमेंट आणि मेजवान्यांच्या हंगामात लंडन. शिकारीच्या हंगामात गावाकडची जमीनदारी. तिथे चिखल, घोडे, कुत्रे, जाडंभरडं ट्वीड. त्यात तपकिरी बूट सोयीचे आणि शोभणारेही. म्हणून तपकिरी म्हणजे रिकामपण आणि काळा म्हणजे काम, अशी वाटणी झाली. शहरात कामाच्या दिवशी तपकिरी बूट घालणं म्हणजे कचेरीत शिकारीचे कपडे घालून येणं. त्या काळी याला कारण होतं, हे मान्य करू या.

आता कुणी म्हणेल, अहो, पण हे रंगशास्त्रसुद्धा असेल. काळा निळ्याला शोभतच असेल. तपासून पाहू. पॅरिसच्या गोबलँ या राजवस्त्रांच्या कारखान्यात शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगविभागाचा प्रमुख होता. तक्रार अशी आली की निळ्या आणि जांभळ्या कापडाच्या छटांसाठी वापरलेला काळा रंग फिका दिसतो. त्याने तपासलं तर काळा रंग उत्तम होता. तो फिका दिसत होता शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळे. शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना बदलतात, यावर त्याने १८३९ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. म्हणजे केवळ डोळ्याचं ऐकायचं तर निळ्याशेजारी काळा ही काही सर्वोत्तम जोडी नाही. आणि मिलानला जा. तिथे बँकेतला माणूस नेव्ही सुटावर खुशाल तपकिरी बूट घालतो आणि कुणाला ते खटकत नाही. इटालियन डोळा आणि इंग्रज डोळा यांची रचना तर वेगळी नाही ना!

उलट गंमत बघा. १९२०च्या दशकात इंग्लंडच्या युवराजाने, पुढे ज्याने सिंहासन सोडलं त्या एडवर्डने, गडद निळ्या सुटावर तपकिरी स्वेडचे बूट घालायला सुरुवात केली. जुनी मंडळी कुरकुरली, पण तरुणांनी त्याची नक्कल केली. युवराजाने नियम मोडला तर ती शैली होते. कारकुनाच्या मुलाने तेच केलं तर त्याला काही कळत नाही, असं ठरतं. बूट तेच, पँट तीच.

आमच्या तत्त्वज्ञानात अभिरुचीवर मोठा वाद आहे. कांट १७९० मध्ये म्हणाला, आपण एखाद्या वस्तूला सुंदर म्हणतो तेव्हा सगळ्यांनी ते मान्य करावं अशी आपली अपेक्षा असते. ‘मला आवडतं’ एवढंच आपण म्हणत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बूर्दिओने १९७९ मध्ये यावर बोट ठेवलं. ही ‘सगळ्यांची’ रुची प्रत्यक्षात एका वर्गाची असते, आणि लहानपणापासून अंगात मुरल्यामुळे ती निसर्गदत्त वाटते, असं त्याचं म्हणणं. आम्हाला वाटतं, बुटांच्या बाबतीत बूर्दिओ बरोबर आहे. चिखल गेला, शिकार गेली, ट्वीड गेलं. म्हणजे कारण गेलं. पण कारण गेल्यामुळे नियम दुबळा झाला नाही, उलट जास्त धारदार झाला. कारण असलेला नियम कुणीही विचार करून शोधू शकतो. कारण नसलेला नियम फक्त वारशानेच कळतो.

आपल्याला हे नवीन नाही. १८५४ मध्ये कंपनी सरकारने ठराव केला की सरकारी प्रसंगी हिंदी गृहस्थांनी युरोपीय धाटणीचे बूट घातले असतील तर ते पायांत ठेवायला हरकत नाही; देशी जोडा मात्र बाहेर काढायचा. आणि आपल्या गावांत तर दलित माणसाला सवर्णांच्या आळीतून पायांत वहाण घालून जाता येत नसे. म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितलं की जातीची ओळख पटवणारी लुगडं नेसायची जुनी रीत आणि ते दागिने टाका. वेषातली खूण काय काम करते, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं. इथली बंदी निदान उघड होती, तिच्याविरुद्ध उभं राहता आलं. लंडनच्या त्या मुलाला आपण कोणत्या बंदीला अडखळलो, हेच कळलं नाही.

मग करायचं काय? आम्ही दोन गोष्टी सुचवतो. पहिली, नियम सांगून टाकायचा. काळ्या पँटवर काळे बूट. गडद राखाडीवर काळे. नेव्हीवर काळे किंवा गडद तपकिरी. लंडनच्या बँकेत जायचं असेल तर काळेच. फिकट राखाडी, खाकी, बदामी पँटवर तपकिरी. पट्टा बुटाच्या रंगाचा, मोजे पँटच्या रंगाचे. झालं. एवढं सांगायला अर्धं मिनिट लागलं. एवढ्या अर्ध्या मिनिटाच्या ज्ञानाने कित्येकांची वाट अडवली. आपल्या ओळखीत पहिल्यांदाच मुलाखतीला निघालेलं कुणी असेल, तर त्याला हे न लाजता सांगा. त्याने ते पाळावं की नाही, हे त्याला ठरवू द्या. पण माहीत असून ठरवू द्या.

दुसरी गोष्ट टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्यांसाठी, आणि आपल्या श्रोत्यांत तसे बरेच जण आहेत. बूट खरोखरच कामाचा भाग असेल तर जाहिरातीत तसं लिहा. लिहायला संकोच वाटत असेल, तर गुण देताना तो मोजू नका. उमेदवार खोलीत येईल तेव्हा आपली नजर आधी कुठे जाते, तेवढं पुढच्या वेळी तपासून बघा.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.