बूट काढले की गुडघे वाचतात? अनवाणी धावण्यामागचं खरं-खोटं

धावताना गुडघा दुखतो म्हणून मोबाईलवर उपाय शोधायला बसलं की दोन-चार व्हिडिओंनंतर एक हमखास येतो. कुणीतरी डांबरी रस्त्यावर अनवाणी पळत सांगत असतं, "बूट फेका, माणूस अनवाणी धावण्यासाठीच जन्माला आलाय." लगेच पुढच्या व्हिडिओत जाड गादीचे महागडे बूट 'गुडघ्यांसाठी बेस्ट' म्हणून विकायला असतात. दोघांपैकी खरं कोण?

थोडक्यात सांगायचं तर अनवाणी धावल्याने दुखापती संपत नाहीत, त्यांची जागा बदलते. गुडघ्यावरचा काही भार कमी होतो आणि तो पोटरी, टाचेमागची कंडरा आणि पावलाच्या हाडांवर जातो. तिथे तो पेलण्याची ताकद असेल तर फायदा होतो. नसेल तर गुडघ्याचं दुखणं जाऊन पावलाचं येतं.

अनवाणी धावून सुवर्णपदक, आणि बूट घालूनही

अनवाणी धावण्याचा विषय निघाला की पहिलं नाव येतं अबेबे बिकिला यांचं. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये इथिओपियाच्या या धावपटूला स्पर्धेसाठी मिळालेले बूट पायाला नीट बसेनात. अनवाणी धावण्याचा सराव होताच, म्हणून ते तसेच उतरले. २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत त्यांनी मॅरेथॉन जिंकली आणि त्या काळचा जागतिक विक्रमही केला.

या गोष्टीचा पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. चार वर्षांनी टोकियोत बिकिला यांनी पुन्हा सुवर्णपदक जिंकलं. अपेंडिक्सची शस्त्रक्रिया होऊन तेव्हा काही आठवडेच झाले होते. वेळ होती २ तास १२ मिनिटं ११ सेकंद, म्हणजे आधीपेक्षा तीन मिनिटं कमी. आणि या वेळी त्यांच्या पायात बूट होते.

आपल्याकडेही अशी उदाहरणं आहेत. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नऊवारी नेसून अनवाणी धावलेल्या आणि शर्यत जिंकलेल्या लता करे यांच्यावर तर चित्रपट निघाला. मिलिंद सोमण यांनी २०१७ साली फ्लोरिडातल्या अल्ट्रामॅन स्पर्धेतलं ८४ किलोमीटरचं अंतर अनवाणी धावून पूर्ण केलं. माणूस अनवाणी लांब पल्ला धावू शकतो, याबद्दल वादच नाही. वाद आहे तो दुखापती त्यामुळे कमी होतात का, यावर.

ही लाट आली कुठून?

टाचेखाली जाड गादी असलेले धावण्याचे बूट १९७० च्या दशकात सर्वत्र पसरले. त्याआधी धावणारे पातळ तळाचे साधे बूट वापरत. बूट सुधारत गेले, तरी धावणाऱ्यांचे गुडघे, नडग्या आणि टाचा दुखायच्या थांबल्या नाहीत. मग बूटच तर दोषी नाहीत ना, असा प्रश्न काही जणांना पडू लागला.

२००९ साली अमेरिकी पत्रकार क्रिस्टोफर मॅकडुगल यांचं 'बॉर्न टू रन' हे पुस्तक आलं. मेक्सिकोच्या चिवावा राज्यातल्या दऱ्याखोऱ्यांत राहणारे राराामुरी, म्हणजेच ताराउमारा, लोक टायरच्या रबराच्या पातळ सपाता घालून प्रचंड अंतरं धावतात, ही त्यातली मुख्य गोष्ट. पुस्तक प्रचंड खपलं.

पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१० मध्ये, हार्वर्ड विद्यापीठाचे डॅनियल लिबरमन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झाला. पुस्तकाला विज्ञानाची साथ मिळाली, असं लोकांना वाटलं. पाच बोटांचे हातमोजे असावेत तसे दिसणारे 'फाइव्हफिंगर्स' बूट धडाक्यात विकले जाऊ लागले.

टाच आधी की चवडा आधी?

लिबरमन यांच्या अभ्यासात नेमकं काय होतं? त्यांनी केनिया आणि अमेरिकेतले धावणारे तपासले. त्यात जन्मापासून अनवाणी वावरलेले होते आणि कायम बूट वापरणारेही. बूटवाले बहुतेक जण आधी टाच टेकवत होते, तर अनवाणी धावण्याची सवय असलेले बरेचसे जण आधी चवडा, म्हणजे बोटांमागचा पावलाचा पुढचा भाग, टेकवत होते.

यामुळे फरक पडतो तो धक्क्यात. अनवाणी पायाने कडक जमिनीवर टाच आपटली की एका क्षणात शरीराच्या वजनाच्या दीड ते तीन पट जोराचा हिसका बसतो. घरात फरशीवर टाचा आपटत चालून पाहिलं तर तो डोक्यापर्यंत जाणवतो. चवड्यावर उतरलं की घोटा स्प्रिंगसारखा दबतो, पोटरी ताणली जाते आणि तो अचानक बसणारा हिसका जवळजवळ नाहीसा होतो. बुटातली गादीही तेच काम करते. ती हिसका मऊ करते, म्हणूनच बूट घालून टाचेवर उतरणं सुखाचं वाटतं.

पण चवड्यावर उतरताना जो भार टाच आणि गुडघा घेत होते, त्यातला मोठा वाटा पोटरी आणि अकिलीस टेंडनवर येतो. अकिलीस टेंडन म्हणजे पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारी जाड कंडरा. एका किलोमीटरमध्ये साधारण हजार पावलं पडतात. पाच किलोमीटर धावल्यावर त्या कंडरेला किती काम पडत असेल, याचा अंदाज त्यावरून येतो.

मुख्य म्हणजे त्या अभ्यासात दुखापती मोजलेल्याच नव्हत्या. पाय कसा पडतो आणि धक्का किती बसतो, एवढंच त्यात पाहिलं होतं. 'अनवाणी धावल्याने दुखापत टळते' हे वाक्य लोकांनी त्याला नंतर चिकटवलं.

सगळे अनवाणी लोक चवड्यावर धावतात, हेही पूर्ण खरं नाही. उत्तर केनियातल्या दासानाच समाजाचे लोक बहुतेक आयुष्य अनवाणी काढतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नेहमीच्या आरामशीर वेगाने धावताना त्यांच्यातले ७२ टक्के जण टाचेवर उतरताना दिसले. वेग, जमीन आणि सवय यांवर बरंच काही अवलंबून असतं.

दुखापती मोजल्यावर काय दिसलं?

आधी अनवाणीच्या बाजूचा पुरावा. २०१२ साली हार्वर्डच्याच धावपटूंच्या संघातल्या ५२ जणांची नोंद तपासली गेली. सततच्या ताणाने होणाऱ्या दुखापती टाचेवर उतरणाऱ्यांमध्ये जवळपास दुप्पट निघाल्या. पण हा एकाच संघाचा, आधीपासून त्या पद्धतीने धावणाऱ्यांचा अभ्यास होता. पद्धत बदलल्यावर काय होतं, हे त्यातून कळत नव्हतं.

ते पुढच्या प्रयोगांत कळलं. २०१३ साली अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात ३६ अनुभवी धावणाऱ्यांवर दहा आठवड्यांचा प्रयोग झाला. १७ जण नेहमीच्या बुटांत धावत राहिले, तर १९ जण हळूहळू पाच बोटांच्या बुटांकडे वळले. शेवटी पावलांचे एमआरआय काढले. नव्या बुटांच्या गटात १९ पैकी १० जणांच्या पावलाच्या हाडांत आतून सूज वाढलेली दिसली. नेहमीच्या बुटांच्या गटात असा एकच जण होता. अशी सूज म्हणजे हाडावर झेपेल त्यापेक्षा जास्त ताण पडल्याची खूण. तशीच धाव चालू ठेवली तर स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला बारीक भेग, पडू शकते.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ६१ धावणाऱ्यांना २६ आठवडे तपासलं. वजन जसं वाढत गेलं, तसा हलक्या पातळ बुटांमधला दुखापतीचा धोका वाढत गेला. साधारण ७१ किलोंच्या पुढच्यांमध्ये हा फरक ठळक होता. वजन कमी करायला म्हणून नुकतंच धावायला लागलेल्यांनी हे खास लक्षात ठेवायला हवं.

सगळ्यात बोलका निष्कर्ष २०१६ सालचा आहे. अनवाणी आणि बूट घालून धावणाऱ्या अशा २०१ जणांनी वर्षभर आपल्या दुखापती नोंदवल्या. अनवाणी गटात माणशी दुखापती कमी होत्या, पण ते धावलेही कमी होते. अंतराच्या हिशेबाने पाहिलं तर दोन्ही गटांत खास फरक राहिला नाही. फरक होता तो जागेत. अनवाणी धावणाऱ्यांना गुडघा, खुबा आणि तळपायाच्या पडद्याच्या दाहामुळे होणारी टाचदुखी यांचा त्रास कमी होता आणि पोटरीच्या दुखापती जास्त होत्या.

दुखापत टळते असा दावा जाहिरातीत करणं कंपनीलाही महागात पडलं. फाइव्हफिंगर्स बनवणाऱ्या व्हिब्रम कंपनीवर अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा लावला. दाव्यांना पुरावा नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. २०१४ साली कंपनीने चूक कबूल न करता ३७ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड केली.

मग महागडे बूट तरी दुखापत टाळतात का?

इथेही सरळ 'हो' म्हणता येत नाही. उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२२ साली धावण्याच्या बुटांवरचे १२ प्रयोग एकत्र तपासले. त्यांत ११ हजारांहून जास्त लोक होते. एका प्रकारच्या बुटांनी दुसऱ्यापेक्षा दुखापती निश्चित कमी होतात, असा भक्कम पुरावा त्यातून मिळाला नाही. पायाचा आकार बघून 'तुमच्यासाठी खास' म्हणून दिलेल्या बुटांचाही खास फायदा दिसला नाही.

म्हणजे बूट कमी की जास्त, या भांडणातून गुडघ्याचा प्रश्न सुटत नाही. धावण्याच्या बहुतेक दुखापतींमागे वेगळंच कारण असतं. शरीराला सवय होण्याआधीच अंतर, वेग किंवा पद्धत अचानक बदललेली असते. आणि कालपर्यंत बूट घालून धावणाऱ्याने आज ते काढून पाच किलोमीटर धावणं, हा असाच एक अचानक बदल आहे.

"आमचे आजोबा तर आयुष्यभर अनवाणीच होते," असं घरोघरी ऐकू येतं. ते खरंही असतं. पण त्यांची पावलं लहानपणापासून शेतात, पायवाटेवर तयार झालेली होती. वीस वर्षं बुटांत राहिलेल्या पावलाकडून तीच अपेक्षा एका महिन्यात करता येत नाही.

करून पाहायचं असेल तर

अनवाणी राहण्याचा एक फायदा मात्र चांगला दिसून आला आहे, तो म्हणजे पावलाचे स्नायू मजबूत होतात. २०१९ सालच्या एका प्रयोगात आठ आठवडे पातळ तळाच्या बुटांत नुसतं चालणाऱ्यांच्या पावलांची ताकद, पावलाचे खास व्यायाम करणाऱ्यांइतकीच वाढली. ब्राझीलमध्ये झालेल्या दुसऱ्या प्रयोगात पावलाचे व्यायाम न करणाऱ्यांना दुखापत होण्याची शक्यता जवळपास अडीच पट होती. त्यासाठी त्यांना बूट बदलावे लागले नव्हते.

म्हणून सुरुवात धावण्यापासून नको.

१. आधी काही आठवडे घरात अनवाणी वावरा आणि चाला. चवड्यांवर उभं राहून टाचा वर-खाली करणं, पायाच्या बोटांनी जमिनीवरचा टॉवेल ओढणं हे व्यायाम रोज करा.

२. मग सपाट, स्वच्छ जागी एक दिवसाआड थोडंसंच धावा. लिबरमन यांच्या गटाचा सल्ला पहिल्या आठवड्यात ४०० मीटर ते फार तर दीड किलोमीटरचा आहे. पुढे दर आठवड्याला वाढ दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. बाकीचं धावणं नेहमीच्या बुटांतच चालू ठेवा.

३. पावलं छोटी आणि भरभर टाका. चवडा टेकल्यावर टाचही हलकेच जमिनीला लागू द्या. सतत चवड्यावर तोलून धावलं की पोटरी आखडते.

४. पोटरी दोन दिवस भरून आली तर ते चालतं. पण पावलाच्या वरच्या बाजूला एकाच ठिकाणी बोट ठेवल्यावर दुखत असेल, सूज असेल किंवा सकाळी उठल्यावर टाचेमागे कळ येत असेल, तर थांबा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

यांनी अनवाणी धावू नये

मधुमेह असलेल्यांनी हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात करू नये. मधुमेहात पायाची संवेदना कमी होऊ शकते. काच टोचलेली किंवा डांबराचा चटका बसलेला कळतच नाही आणि छोटी जखम चिघळून पाय गमावण्यापर्यंत वेळ येऊ शकते. अकिलीस टेंडनचं दुखणं असलेले, पूर्वी पावलाचं हाड मोडलेले आणि हाडं ठिसूळ झालेले यांनीही लांबच राहावं.

बाकीच्यांनीही रस्ता बघून ठरवावं. एप्रिल-मे महिन्यांत दुपारच्या डांबराने तळवे भाजतात. पावसाळ्यात भिजून मऊ पडलेली कातडी लवकर सोलवटते आणि साचलेल्या पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन किती वर्षं झाली, हेही एकदा तपासलेलं बरं.

ज्यांना सध्याच्या बुटांत धावताना काहीच त्रास नाही, त्यांना ते बदलायचं कारण नाही. ज्यांचा गुडघा वारंवार दुखतो, त्यांना पातळ तळाचे बूट कदाचित उपयोगी पडतील. पण आधी दुखण्याचं कारण तपासून घ्यावं, आणि पोटरी-पावलांना तयार व्हायला काही महिने द्यावेत.