म्युकरमायकोसिस : उपचार (अहिल्यानगर जिल्हा)

म्युकोरेलीझ गणातील बुरशींमुळे होणारा, रक्तवाहिन्यांत घुसून ऊती मारणारा रोग. बोलीत ‘काळी बुरशी’ किंवा नुसते ‘म्युकर’. बुरशी काळी नसते; रक्तपुरवठा तुटलेला भाग काळा पडून खपली धरते, त्यावरून हे नाव. शिळ्या भाकरी-पावावर येणारी ऱ्हायझोपस ही तिची प्रमुख प्रजाती. अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यात, उर्वरित महाराष्ट्राप्रमाणेच, हे नाव सर्वतोमुखी झाले ते २०२१ च्या उन्हाळ्यात, कोविडच्या दुसऱ्या लाटेत.

कारणे : आटोक्यात नसलेली साखर व बेसुमार स्टेरॉइड. वाफ, झिंक, ऑक्सिजनच्या बाटलीतले पाणी यांनाही दोष दिला गेला. त्याबाबत एकमत नाही.

निदान : नाकातील वा टाळूवरील खपलीखालचा तुकडा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात पाहतात. रुंद, जवळपास पडदे नसलेले, काटकोनात फुटणारे तंतू दिसले की उपचार सुरू करावेत. संवर्धनाच्या अहवालासाठी थांबू नये.

उपचार : मेलेल्या ऊतीत रक्त नाही, म्हणून तेथे औषधही पोहोचत नाही. त्यामुळे शस्त्रक्रियेला पर्याय नाही : दुर्बिणीतून सायनस साफ करणे, प्रसंगी वरचा जबडा वा डोळा काढणे. जोडीला साखर ताब्यात आणणे व स्टेरॉइड शक्य तितके उतरवणे.

मुख्य औषध अ‍ॅम्फोटेरिसिन-बी. व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीतील जीवाणूपासून ते १९५० च्या दशकात मिळाले. जुन्या, साध्या प्रकाराने थंडी वाजून ताप भरतो, मूत्रपिंडे दुखावतात, पोटॅशियम व मॅग्नेशियम घसरते. लायपोसोमल प्रकार त्या मानाने सौम्य. मात्रा दर किलो वजनास रोज ५ मिलिग्रॅम. मेंदूपर्यंत गेल्यास १० पर्यंत. पिवळसर भुकटी निर्जंतुक पाण्यात जोराने हलवून, गाळून ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये चढवतात. सलाइनमध्ये घातल्यास औषध फाटते. कुपी ५० मिलिग्रॅमची. साठ किलोच्या रुग्णाला रोज सहा, तीन आठवड्यांना १२६ कुप्या. पुढे पोसाकोनाझोल वा आयसाव्हुकोनाझोल. व्होरिकोनाझोल या बुरशीवर चालत नाही.

पुरवठा : मे २०२१ मध्ये केंद्राच्या सूचनेनुसार हा रोग नोंदणीयोग्य ठरला. अ‍ॅम्फोटेरिसिन दुकानांतून गायब झाले. वाटप सरकारी कोट्यातून होऊ लागले. राज्याने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेखाली मोफत उपचार जाहीर केले आणि जूनमध्ये खासगी रुग्णालयांचे दर शहरांच्या वर्गवारीनुसार बांधले. वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसने मेअखेर उत्पादन सुरू केले; बाजारात सुमारे ७,००० रुपयांना असलेली कुपी तेथे १,२०० रुपयांना देण्याचे जाहीर झाले. १२ जूनला जीएसटी परिषदेने करही शून्यावर आणला. जुलैत संसदेत दिलेल्या उत्तरानुसार देशात ४५ हजारांवर रुग्ण व ४,३०० हून अधिक मृत्यू. महाराष्ट्र व गुजरात आघाडीवर.

जिल्ह्यातील सोयी : जिल्हा रुग्णालय; लोणी व विळद घाट येथील वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये. गुंतागुंतीचे रुग्ण पुणे, नाशिक वा छत्रपती संभाजीनगरला.

इतर बुरशी : अतिदक्षता विभागाचा रोजचा शत्रू म्युकर नव्हे, कँडिडा. देशातील २७ विभागांच्या पाहणीत (२०११-१२) दर हजार दाखल रुग्णांमागे ६.५१ जणांच्या रक्तात ती सापडली. उपचार : मध्यवर्ती शिरेतील नळी काढणे, इकायनोकँडिन गटातील औषध.

पुनर्वसन : म्युकरच्या शस्त्रक्रियेत टाळू गेलेल्यांना दंतवैद्य अ‍ॅक्रिलिकचे झाकण (ऑब्च्युरेटर) बसवतात; ते नसेल तर प्यालेले पाणी नाकातून येते.